पेट्रा आणि वादी रम: दोन्ही एका दिवसात पाहून होईल का?

निशिगंध:
येत्या मार्चमध्ये मी, यजमान, कॉलेजात जाणारा मुलगा आणि सत्तरीच्या सासूबाई असे चौघे आठवडाभरासाठी जॉर्डनला जात आहोत. सहल ठरवून देणाऱ्यांनी आखलेल्या कार्यक्रमात सकाळी अम्मानहून निघून डोंगरात कोरलेले पेट्रा हे प्राचीन शहर पाहायचे आणि सूर्यास्ताला वादी रमच्या वाळवंटात पोहोचायचे, असे सगळे एकाच दिवसात बसवले आहे. मुलाला पेट्रातल्या उंचावरच्या अद-दैर या कोरीव वास्तूपर्यंत चढायचे आहे, तर सासूबाईंना गुडघ्यांमुळे पायऱ्या जमत नाहीत. शिवाय मनात एक शंका आहे: वेरूळ-अजिंठा पाहिलेल्या माणसाला डोंगरात कोरलेले आणखी काही पाहून वेगळे काय मिळणार? जाणकारांनी सविस्तर सांगावे.

कातळवाट:
कार्यक्रम बदलून घ्या. अम्मान ते पेट्रा सुमारे तीन तास आणि पेट्रा ते वादी रम जवळपास दोन तास धरले, तर मधल्या वेळात तुम्ही जेमतेम अल-खजने (खजना) या कोरीव वास्तूपर्यंत जाऊन परत याल. तिथे पोहोचायलाच प्रवेशद्वारापासून आधी उघड्या रस्त्याने आणि मग सीक नावाच्या अरुंद घळीतून चालावे लागते. त्यातली घळ एकटीच सुमारे 1.2 किलोमीटर आहे. तिच्या शेवटी दिसणारा अल-खजनेचा तो प्रसिद्ध दर्शनी भाग ही पेट्राची केवळ सुरुवात आहे. पुढे डोंगरातच कोरलेले रंगमंदिर, राजथडगी, स्तंभांचा रस्ता आणि अगदी टोकाला, आठशेंहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर, अद-दैर लागते. वादी मुसा गावात दोन रात्री राहा आणि जॉर्डन पास (पर्यटकांसाठीचा एकत्रित प्रवेश-पास) घेताना पेट्राच्या दोन दिवसांचा प्रकार निवडा. एका दिवसाच्या पासापेक्षा तो थोडासाच महाग असतो. हा पास देशात उतरण्यापूर्वी घेतला आणि किमान तीन रात्री मुक्काम केला, तर व्हिसाचे शुल्कही माफ होते.

शिलालेख_वाचक:
वेरूळच्या प्रश्नाविषयी लिहितो, कारण तो मला या धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न वाटला. कोरण्याची पद्धत खरोखरच सारखी आहे. कैलास लेण्याप्रमाणे पेट्रातही काम वरून खाली होत असे, आणि तिथले एक अपूर्ण थडगे पाहिले की अजिंठ्याच्या 24 क्रमांकाच्या अर्धवट लेण्याची आठवण होते. फरक आहे तो हेतूचा. अजिंठ्यात सारे वैभव आत आहे. पेट्रात ते बाहेर आहे आणि आत बहुधा साध्या, रिकाम्या खोल्या आहेत, कारण यातली बरीचशी कोरीव कामे थडगी आहेत. माणसे राहत होती ती बांधलेल्या घरांत, आणि 363 सालच्या भूकंपाने शहराचा मोठा भाग पाडला.

दर्शनी भागांपेक्षाही पाणी पाहा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. इतक्या कमी पावसाच्या प्रदेशात नबातियन या प्राचीन अरब लोकांनी राजधानी वसवली आणि उंट-तांड्यांच्या व्यापारावर ती भरभराटीला आणली; इ. स. 106 मध्ये सम्राट ट्राजनने हे राज्य रोमन साम्राज्यात सामील केले. सीकमधून चालताना दोन्ही भिंतींकडे लक्ष ठेवा. कातळात खोदलेला पन्हळ आणि मातीच्या नळांची वाट जागोजागी दिसते. झऱ्याचे पाणी याच मार्गाने शहरात येत असे. सीकच्या तोंडाशी बांध घालून आणि बाजूचा डोंगर पोखरून पुराचे पाणी दुसरीकडे वळवलेले आहे. माझ्या मते खजन्याच्या खांबांहून हे काम अधिक अवघड होते, पण त्याचे छायाचित्र काढायला कोणी थांबत नाही.

वाळूघड्याळ:
वादी रमबद्दल थोडेसे. सूर्यास्तापुरते जाऊ नका, एक रात्र राहा. तिथल्या डोंगरांच्या पायथ्याशी काळपट ग्रॅनाइट आहे आणि त्यावर कोट्यवधी वर्षांनी साचलेला वालुकाश्म उभा आहे. काही ठिकाणी दोहोंमधली रेघ अगदी स्पष्ट दिसते, आणि सोबतच्या बदूला (वाळवंटातल्या स्थानिक अरब वाटाड्याला) विचारले तर तो जीप तिथे थांबवतो. लाल रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो. खजाली घळीत माणसांची आणि प्राण्यांची जुनी कोरीव चित्रे व लेख आहेत. चित्रे आणि लेख मिळून अशा हजारो नोंदी या वाळवंटात सापडल्या आहेत, आणि 2011 मध्ये युनेस्कोने निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर त्याला जागतिक वारसा ठरवले. रात्रीच्या जेवणात जर्ब असतो, म्हणजे वाळूत पुरलेल्या भट्टीत शिजवलेले मांस आणि भाज्या. आपल्या पोपटीची चव माहीत असलेल्यांना तो आवडावा. मात्र भाज्या बहुधा मांसासोबतच शिजतात, त्यामुळे शाकाहारी असाल तर तंबू आरक्षित करतानाच कळवा. मार्चमध्ये रात्री चांगलीच थंडी असते.

निशिगंध:
सर्वांचे आभार. दोन रात्री वादी मुसात आणि एक वादी रमला, असा बदल सुचवला आहे. सासूबाईंसाठी काय करता येईल? आणि पुराचा उल्लेख वाचून थोडी धास्ती वाटली.

कातळवाट:
प्रवेशद्वारापासून खजन्यापर्यंत विजेवरच्या छोट्या गाड्या सशुल्क मिळतात, त्यामुळे सासूबाईंना पहिल्या दिवशी तुमच्यासोबत तिथवर नेता येईल. गाढवावर बसवून त्यांना अद-दैरला नेण्याचा आग्रह तिथे होईल. तो मानू नका, कारण झिजलेल्या पायऱ्यांवर तो प्रवास त्यांच्यासाठी सुरक्षित नाही आणि जनावरांचे हालही होतात. दुसऱ्या दिवशी मुलगा आणि यजमान चढाईला गेले की तुम्ही दोघी गाडीने जवळच्या ‘छोटा पेट्रा’ नावाच्या कोरीव स्थळी जा. तिथे चालणे कमी आहे. द्राक्षवेली आणि पक्षी रंगवलेले नबातियन छत तिथे आहे, मात्र त्या खोलीपर्यंत काही पायऱ्या असल्याने सासूबाईंनी खालीच थांबावे.

पुराची भीती खोटी नाही. 1963 च्या एप्रिलमध्ये सीकमध्ये अचानक पाणी घुसून फ्रेंच पर्यटकांचा एक गट मृत्युमुखी पडला, आणि त्यानंतर तोंडाशी बांध पुन्हा उभारण्यात आला. पाऊस दूरच्या डोंगरात पडतो आणि इथे आकाश निरभ्र असू शकते, म्हणून स्थानिक प्रशासनाने दिवसभरासाठी परिसर बंद ठेवला तर वाद घालू नये. दोन दिवस हाताशी ठेवण्याचे हेही एक कारण आहे.