बायबलचा उतारा वाचताना आधी वचन की आधी परंपरा?

मूळपाठ
बायबलचा एखादा उतारा घ्यायचा आणि त्याचा कॅथलिक अर्थ, ऑर्थोडॉक्स अर्थ, ल्यूथरन अर्थ, कॅल्विनवादी अर्थ असे ओळीने मांडायचे, या पद्धतीला माझा विरोध आहे, कारण तीत उतारा मागे पडतो आणि वादच तेवढा शिकवला जातो. याकोबाच्या पत्रातले 2:24 हे वचन घ्या. मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे, तर कृत्यांनी नीतिमान (म्हणजे देवापुढे निर्दोष) ठरतो, असे तेथे सरळ लिहिले आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने 1547 सालच्या आदेशात ते आधाराला घेतले. प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरने 1522 साली या पत्राची गणना पेंढ्यात केली. दुसरा सुधारक कॅल्विन याने सांगितले की याकोब नीतिमान ठरण्याविषयी नव्हे, तर ते नीतिमत्त्व उघड दिसून येण्याविषयी बोलतो. तिघांचेही लक्ष पौलाकडे, म्हणजे मनुष्य विश्वासाने नीतिमान ठरतो असे लिहिणाऱ्या प्रेषिताकडे आहे. याकोबाच्या डोळ्यांसमोर मात्र अंगावर वस्त्र नसलेला, रोजच्या अन्नाला मोताद झालेला बंधू आहे, आणि 'सुखाने जा, ऊब घ्या' एवढे बोलून त्याला वाटेला लावणारी मंडळी आहेत (2:15-16). तो बंधू या तिन्ही मांडण्यांत मला कोठे भेटत नाही.

काठावरचा
आपला आक्षेप वजनदार आहे, पण परंपरा बाजूला ठेवून वाचणारा वाचक आपण आणणार कोठून? प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायात रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचणाऱ्या हबशी अधिकाऱ्याला फिलिप्प विचारतो की वाचता ते समजते काय, आणि तो उत्तर देतो की कोणी वाट दाखवल्याखेरीज कसे समजणार.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपण ज्याला नंतरचा वाद म्हणता तो बायबलच्या आतच आहे. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याच्याकडे नीतिमत्त्व म्हणून गणले गेले, हे उत्पत्ति 15:6 पौल रोमकरांस पत्र 4:3 मध्ये उद्धृत करतो आणि याकोब 2:23 मध्ये. पौल त्याच्याशेजारी उत्पत्तीचा सतरावा अध्याय ठेवतो व दाखवतो की सुंता नंतर झाली, म्हणून ती नीतिमत्त्वाचे कारण असू शकत नाही. याकोब बाविसावा अध्याय ठेवतो, जेथे अब्राहाम इसहाकाला वेदीवर ठेवतो, आणि म्हणतो की त्या कृत्याने विश्वास पूर्ण झाला. वचन एकच, पण शेजार बदलला की वाचन बदलते. परंपरा म्हणजे दुसरे काय, तर कोणत्या वचनाशेजारी कोणते वचन ठेवायचे याची पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली सवय.

मूळपाठ
आपले उदाहरण माझ्याच बाजूने बोलते. पौलाने आणि याकोबाने जो शेजार निवडला तो अब्राहामाच्या त्याच कथेतला आहे, आणि कोणीही पाने उलटून तो पडताळू शकतो. बिरुया नगरातल्या लोकांची वाखाणणी झाली ती याचसाठी, की पौलाचे बोलणेसुद्धा त्यांनी दररोज शास्त्रात शोधून पाहिले (प्रेषितांची कृत्ये 17:11). ल्यूथरलाही हे जमत होते. प्रभुभोजनात ख्रिस्ताचे शरीर खरोखर उपस्थित असते, असे तो ठामपणे मानी. तरीही योहानकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातली देह खाण्याविषयीची वचने प्रभुभोजनाबद्दल नाहीत, असे त्याने 1520 साली लिहिले. आयता मिळणारा पुरावा त्याने सोडला. याला मी वाचन म्हणतो.

शंकेखोर
मग 1529 साली मारबुर्गला सुधारकांच्या चर्चेत काय झाले, तेही सांगा. ल्यूथर आणि स्विस सुधारक झ्विंग्ली दोघेही शास्त्रालाच शेवटचा अधिकार मानणारे. 15 पैकी 14 कलमांवर त्यांचे जुळले, आणि भाकरीविषयीच्या ख्रिस्ताच्या 'हे माझे शरीर आहे' या वाक्यावर सारे फिसकटले. ल्यूथरने ते मेजावर खडूने लिहून ठेवले होते. झ्विंग्ली त्याच सहाव्या अध्यायातले 'देहापासून काही लाभ नाही' (6:63) हे वचन पुढे करत राहिला. वचन आधी म्हणणाऱ्यांची ही गत (आणि दोघेही मूळ ग्रीक वाचणारे!), तर परंपरांना दोष का द्यावा?

काठावरचा
यात एक भर घालतो. 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी नीतिमान ठरवले जाण्याविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, आणि तीत मांडलेल्या ल्यूथरन शिकवणीला ट्रेंटच्या धर्मसभेने उच्चारलेले धिक्कार लागू होत नाहीत असे मान्य झाले. 2006 साली मेथडिस्ट हा प्रोटेस्टंट पंथही त्यात सामील झाला. आपापली परंपरा नाकारून हे साधलेले नाही. उलट प्रत्येकाने आपले वाचन नाव घेऊन मांडले, म्हणूनच दुसऱ्याला ते तपासता आले.

मूळपाठ
त्या घोषणेचे मोल मला मान्य आहे, पण ती सिद्धान्तावरची तडजोड आहे, याकोबाच्या पत्राचे वाचन नव्हे. नाव घेऊन मांडा, अवश्य मांडा. फक्त प्रत्येक मांडणीला तो उपाशी बंधू कोठे गेला, हे विचारण्याची मुभा असू द्या. ल्यूथरनेसुद्धा नापसंतीचे कारण लपवले नाही: या पत्रात ख्रिस्ताचे दुःखसहन आणि पुनरुत्थान यांचा उल्लेख नाही, असे तो म्हणाला. पत्र त्याने आपल्या नव्या करारात शेवटाकडे सरकवले, पण फाडून टाकले नाही. त्यामुळे त्याच्या मागून येणाऱ्यांना निदान त्याच्याशी भांडता तरी आले.