मदत हवी आहे: चिकणमातीवरचा जुना डांबरी पट्टा काढून पेव्हर ब्लॉक बसवायचे आहेत

गेटपासून पोर्चपर्यंतचा डांबरी पट्टा पार गेला आहे. कडा ढासळल्यात, मधे जाळीसारख्या भेगा, आणि गाडीच्या चाकांखाली दोन चाऱ्या पडल्यात. पाऊस पडून गेला की त्यांत पाणी साचतं. त्या जागी पेव्हर ब्लॉक बसवायचं घरात ठरलंय. रंग आणि आकार आम्ही निवडू, सल्ला हवाय तो खालच्या जमिनीबद्दल.

कडेला थोडं खणून पाहिलं. डांबर जेमतेम दोन बोटं जाड, खाली मातीत रुतलेली विरळ खडी, आणि लगेच चिकट करडी माती. ओली असताना तळहातावर वळली तर सुतळीएवढी बारीक वळी होते, तुटत नाही. उन्हाळ्यात हीच माती बोट जाईल इतकी फाटते आणि पावसात फुगून मिटते. डांबर फाटायला हेच मुख्य कारण असावं, कारण अवजड वाहन इथे कधी येतच नाही.

दोन ठेकेदार पाहून गेले. पहिला म्हणतो, डांबर काढूच नका, त्यावरच कच (दगडाची बारीक चुरी) पसरून ब्लॉक लावून देतो. दुसरा म्हणतो, सगळं उकरून फूटभर खाली जावं लागेल. पहिल्याचं मला पटत नाही. ब्लॉकच्या फटींतून उतरलेलं पाणी डांबरावर अडकून कच हलणार. शिवाय 60 एमएमचा ब्लॉक आणि 40 एमएम कच धरला तर पातळी 10 सेंटीमीटरने वर येते. भिंतीतला ओलरोधक थर बाहेरच्या जमिनीपासून किमान 15 सेंटीमीटर वर राहायला हवा, तो मग जवळपास जमिनीला टेकेल.

दुसऱ्याचं बरोबर वाटतं, पण फूटभरात ब्लॉक आणि कच वजा जाता खडीला 200 एमएमच उरतात. अशा मातीवर तेवढी पुरते का? खाली जिओटेक्स्टाईल कापड (पाणी जाऊ देणारं, पण माती आणि खडी वेगळी ठेवणारं) घालावं का? तो म्हणतो गरज नाही, आणि खडी चांगली दाबली की पाण्याची काळजी नको. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. ज्यांनी अशा जमिनीवर काम करून घेतलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

डांबर काढाच. इतक्या पातळ आणि फाटक्या थराला पाया म्हणता येत नाही.

तुमची शंका रास्त आहे. चिकणमातीत खणलेला खड्डा परातीसारखा असतो, आत गेलेलं पाणी जिरत नाही. ते खडीत साठतं, खालची माती मऊ होते आणि चाकाच्या दाबाने चिखल खडीत वर चढतो. तुमच्या डांबराखालची खडी अशीच रुतली असणार. म्हणून खड्ड्याच्या तळालाही ढाळ द्या, सगळ्यात खालच्या कडेला छिद्रांचा पाइप खडीत बसवा आणि तो बाहेर निचऱ्याच्या जागी न्या. शोषखड्डा या मातीत कामाचा नाही. ब्लॉकच्या पृष्ठभागाला घरापासून दूर, साठात एक (60 सेंटीमीटरला 1 सेंटीमीटर) तरी ढाळ हवा.

कापड घालाच, न विणलेलं, जोडावर फूटभर एकावर एक येईल असं. खडी 250 एमएम धरा, आणि तळ पायाखाली दबत असेल तर तेवढा भाग आणखी खणून खडीनेच भरा. फक्त एका मापाची खडी नको, 40 एमएमपासून भुकटीपर्यंत मिसळलेली हवी, तीच घट्ट बसते. 10 सेंटीमीटरपेक्षा जाड थर एकदम दाबू देऊ नका. वरून मशीन फिरलेलं दिसतं, पण खाली पोकळ राहतं.

कडेचे दगड काँक्रीटमध्ये पक्के बसवल्याशिवाय ब्लॉक सुरू करू देऊ नका, नाहीतर कडा पुन्हा ढासळतील. मांडणी हेरिंगबोन (ब्लॉक एकमेकांना काटकोनात, नागमोडी) घ्या, चाकं वळताना ब्लॉक सरकत नाहीत. कच सगळीकडे सारखा हवा, खडीतला खड्डा कचाने भरून पातळी साधली की नेमकी तिथेच चारी पडते. फटींत कोरडी बारीक रेती झाडून मशीन फिरवा आणि काही आठवड्यांनी पुन्हा भरा.

काम कोरड्या दिवसांत काढा. उघड्या तळावर पाऊस पडलाच, तर तो चिखल खरवडून काढल्याशिवाय कापड अंथरू देऊ नका. पट्ट्याजवळ मोठं झाड आहे का, तेही कळवा. मुळं मातीतलं पाणी शोषून ती आकसवतात आणि मग त्या बाजूच्या पायाचा वेगळा विचार करावा लागतो.