मदत हवी आहे: आईचा पुण्यातला फ्लॅट विकतोय, एजंट खरेदीदाराशी बोलूच देत नाही

नमस्कार. सिंहगड रस्त्यावर आनंदनगर भागात आईच्या नावावर दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. इमारत १९९६ ची, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाबा गेल्यानंतर सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव रीतसर लागलंय, कर्ज कसलंही नाही. आईचे गुडघे आता जिने चढू देत नाहीत, म्हणून हा फ्लॅट विकून तिने माझ्याकडे हैदराबादला यायचं असं ठरलंय. मला सारखं पुण्याला येणं जमत नाही, त्यामुळे ओळखीतून आलेल्या एका एजंटकडे काम दिलं.

माणूस बोलायला गोड आहे, आईला मावशी म्हणतो. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "मावशी, तुमच्या हातात किती पडायला हवेत तेवढं सांगा, वरचं मी बघतो." आई म्हणाली ७० लाख. त्यानंतर माणसं घर बघायला येऊ लागली. पण प्रत्येक वेळी हा शेजारी उभा. आईला आधीच बजावलेलं, "किमतीचं तुम्ही काही बोलू नका, गिऱ्हाईक बिथरतं." माणसं आली की दहा मिनिटांत त्यांना खाली घेऊन जायचं, की संपलं. कोण आलं होतं, काय म्हणालं, किती द्यायला तयार होतं, यातलं काहीच आईला कळत नाही. मी फोन केला तर एकच उत्तर, "मॅडम, मार्केट थंड आहे."

मध्यंतरी एक जोडपं घर बघून गेलं. त्यातली मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी कसं येतं ते बघायला एकटीच आली. जाता जाता म्हणाली, "काकू, घर आवडलंय, पण ७८ आम्हाला जड जातात हो." आईला काय बोलावं ते सुचेना. तिने रात्री मला फोन केला तेव्हा तिचा आवाज थरथरत होता. आठ लाखांचा फरक, आणि ज्यांचं घर त्यांना त्याचा पत्ता नाही!

आणखी एक गोष्ट मला फार लागली. आईला तो सांगत होता, मावशी, समोरच्या उड्डाणपुलामुळे आवाज वाढला, गिऱ्हाईक भाव पाडून मागतंय. आणि त्या मुलीला सांगितलेलं, पुलामुळे स्वारगेटला जाणं सोपं झालं, भाव चढणारच.

आता अडचणी. आईने त्याच्या छापील फॉर्मवर सही केली आहे. त्यात सहा महिने दुसऱ्या कोणाला काम द्यायचं नाही, आणि घर कोणीही विकलं तरी त्याला २ टक्के द्यायचे, असं लिहिलंय. कागद साधाच आहे, मुद्रांक नाही. चार महिने उरलेत. फ्लॅटची एक किल्ली त्याच्याकडे आहे. इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), शेअर सर्टिफिकेट, आईचं आधार आणि पॅन यांच्या झेरॉक्सही. त्या जोडप्याकडून त्याने १ लाख टोकन स्वतःच्या खात्यात घेतल्याचं मुलीने सांगितलं, आईला एक रुपया आलेला नाही. आता तो म्हणतोय, मावशीला सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात दगदग नको, मला पॉवर ऑफ ॲटर्नी, म्हणजे तिच्या वतीने सह्या करायचा अधिकार द्या, सगळं मी उरकतो.

तो कागद आम्हाला किती बांधतो? टोकनचं काय करायचं? त्या जोडप्याशी थेट बोललो तर काही बेकायदा होतं का? कृपया अनुभवी लोकांनी सांगा. आई रोज विचारते आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

ठाणेकर

ताई, आधी पॉवर ऑफ ॲटर्नीला नाही म्हणा. आजच, आणि लेखी. बाकी सगळं नंतर.

आम्ही घर घेताना दुसऱ्या टोकाला होतो. आम्हाला मालक कोण हेच कळू दिलं नव्हतं. "मालक परदेशात आहेत, मीच बघतो सगळं." साठेखताच्या, म्हणजे विक्रीच्या कराराच्या दिवशी मालक भेटले, ते तिथून दोन स्टेशनं पलीकडे राहत होते. किंमत आम्हाला सांगितलेली आणि त्यांना सांगितलेली वेगळी निघाली. साठेखतावर खरी रक्कम लिहायची म्हटल्यावर दोघांनाही कळलं. तिथेच वाद, आणि तो दिवस वाया गेला.

कृष्णाकाठ

दस्तांच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

मुद्रांक नाही म्हणून कागद रद्द ठरत नाही. कोर्टात पुरावा म्हणून वापरायचा तर त्याला आधी शुल्क आणि दंड भरावा लागेल, इतकंच. तेव्हा सहीला किंमत नाही असं समजून चालू नका. पण सही झाली म्हणजे तो म्हणेल ते सगळं मान्य, असंही नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्यात एजंटच्या जबाबदाऱ्या स्पष्ट आहेत. मालकाने मागितला की त्याने हिशेब द्यायचा, हे कलम २१३. मालकाच्या नकळत त्याने स्वतःसाठी व्यवहार करून फायदा काढला, तर तो फायदा मागण्याचा हक्क मालकाला आहे, हे कलम २१६. ७० आणि ७८ मधले आठ लाख "वरचं मी बघतो" या एका वाक्यावर त्याचे होत नाहीत. फॉर्ममध्ये २ टक्के लिहिलंय, तर त्याची मागणी २ टक्क्यांचीच. ७० च्या वरचे सगळे त्याचे, असं कुठे लिहिलंय का ते मात्र नीट वाचा.

टोकन आईच्या वतीने घेतलंय तर ते आईचे पैसे आहेत. ते कोणत्या अटीवर घेतले, पावती दिली का, पावतीवर किंमत किती लिहिली, हे लेखी विचारा. ही टोकनची, म्हणजे विसार पावती तुमच्या हातात आलीच पाहिजे. त्यावर तुमच्या नावाने काय काय कबूल केलंय ते बघा. ताब्याची तारीख, फर्निचर, पार्किंग, काहीही असू शकतं.

पॉवर ऑफ ॲटर्नीबद्दल ठाणेकर म्हणाले ते शंभर टक्के बरोबर. शिवाय महाराष्ट्रात मिळकत विकण्याचा अधिकार परक्या माणसाला दिला तर खरेदीखताइतकंच मुद्रांक शुल्क लागतं. जवळच्या नात्यात दिला तर ५०० रुपये. आईला जिने आणि रांगा झेपत नसतील तर तुमच्या नावाने करा आणि नोंदवून घ्या.

धागाकर्ती

मनापासून आभार. पॉवर ऑफ ॲटर्नी देणार नाही असं त्याला आत्ताच व्हॉट्सॲपवर कळवलं. फॉर्म पुन्हा वाचला, वरच्या रकमेबद्दल एक अक्षर नाही. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या घरबांधणी नियामकाकडे तक्रार करता येईल का?

कृष्णाकाठ

या व्यवहारासाठी तिथून फार अपेक्षा ठेवू नका. रेराचा कायदा २०१६ चा, महारेराचं काम २०१७ च्या मे महिन्यात सुरू झालं. एजंटला नोंदणीची सक्ती आहे ती रेरात नोंदवलेल्या प्रकल्पांतली घरं विकण्यासाठी. १९९६ ची पूर्ण झालेली इमारत त्यात येत नाही. तरी त्याचा नोंदणी क्रमांक विचारा, तो ए अक्षराने सुरू होतो आणि महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येतो. क्रमांक असेल तर माणूस परीक्षा देऊन, प्रमाणपत्र घेऊन या धंद्यात आहे आणि त्याला गमावण्यासारखं काही आहे. तुमच्यासाठी खरी वाट ग्राहक आयोगाची. सेवा घेतली, सेवेत त्रुटी. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोला, किंवा ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना भेटा. वकिलाच्या एका नोटिशीतही बरंच काम होतं.

मोगरा

मी स्वतः रीसेलची कामं करते, म्हणून राहवलं नाही. तुमचा एजंट करतोय त्याला आमच्यात नेट रेटचं काम म्हणतात. मालकाला एक आकडा, गिऱ्हाइकाला दुसरा, मधलं आपलं, वर दोघांकडून दलालीही. मला याची मनापासून चीड आहे. यामुळे आम्हा सगळ्यांकडे लोक चोर म्हणून बघतात.

दोन्ही पार्ट्यांना बोलू न देण्यामागे भीती असते, ती खरीही असते. चार महिने घर दाखवायचं, आणि मग मालक व गिऱ्हाईक परस्पर भेटून आम्हाला वगळतात. माझ्या बाबतीत हे झालंय. त्यावर माझा उपाय म्हणजे घर दाखवायच्या आधी दोघांकडून दलालीचा आकडा लेखी घेणे. मग त्यांना खुशाल एकत्र बसवते, चहा होतो, किंमत समोरासमोर ठरते. घर घेणाऱ्याला मालकाशी बोलल्याशिवाय विश्वास वाटत नाही, आणि इतका मोठा व्यवहार विश्वासाशिवाय होत नाही.

ताई, ते गिऱ्हाईक त्याने आणलंय, तेव्हा त्याचे ठरलेले २ टक्के बुडवू नका. बाकी किल्ली आजच परत मागा. नाही दिली तर कुलूप बदला, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

साधासुधा

किंमत किती ते एजंटला विचारूच नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर विनामूल्य ई-सर्च आहे. जिल्हा, गाव आणि मिळकत क्रमांक टाकला की नोंदलेल्या दस्तांचे इंडेक्स टू दिसतात, त्यात मोबदल्याची रक्कम असते. तुमच्या आणि शेजारच्या सोसायट्यांत गेल्या दोन वर्षांत काय भावाने घरं गेली ते बघा. साइट कधी कधी फार रखडते, सकाळी लवकर बसा. आणि इमारत पुनर्विकासाला जाण्याची सोसायटीत चर्चा आहे का, ते सेक्रेटरींना विचारा. जुन्या इमारतीचा भाव त्यावर बराच हलतो.

पेठेतला

थोडं वेगळं मत मांडतो. आम्ही एजंटशिवाय विकायचा प्रयत्न केला. ऑनलाइन जाहिरात टाकली आणि फोन आले ते निम्म्याहून जास्त एजंटांचेच. गिऱ्हाईक म्हणून येतात, घर बघतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच घराचे फोटो कमी किमतीला त्यांच्या जाहिरातीत. शेवटी एका सरळ माणसाकडे काम दिलं, त्याने बँकेच्या वकिलापासून सोसायटीच्या कागदांपर्यंत सगळं निस्तरलं. त्याची दलाली देताना वाईट वाटलं नाही. तेव्हा एजंट नकोच, असं टोक गाठू नका.

धागाकर्ती

सगळ्यांनी इतक्या आपुलकीने लिहिलंत, डोळे भरून आले. झालं ते सांगते.

ई-सर्चवर आमच्याच गल्लीतले तीन दस्त मिळाले. ७० लाख हा आकडा कमी होता हे स्पष्ट दिसलं. त्या जोडप्याला आईने घरी बोलावलं आणि मी व्हिडिओ कॉलवर बसले. एजंटलाही निरोप दिला होता, तोही आला. आईने शांतपणे विचारलं, "तुम्ही यांना किती सांगितलेत?" त्याने बराच वेळ मार्केटबद्दल सांगितलं, मग आकडा सांगितला. समोरासमोर बसून ७४ लाख ठरले. त्याची आमच्याकडची दलाली २ टक्के, साठेखत नोंदल्यावर, चेकने आणि पावती घेऊन. टोकनचे १ लाख त्याने आईच्या खात्यात वळते केले आणि किल्ली टेबलावर ठेवली.

आता एकच प्रश्न उरलाय. तो म्हणतो, १० लाख रोखीत घ्या आणि साठेखत ६४ चं करा, दोघांचाही टॅक्स वाचेल. ती मुलगी घाबरलेली दिसली, आम्हालाही नको आहे. कसं समजवायचं?

कृष्णाकाठ

समजवायचं काही नाही, नाही म्हणायचं. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. घेणारी तुमची आई आहे, तो नाही.

पूर्ण ७४ लाख दस्तावर लिहा. किंमत ५० लाखांच्या वर आहे, तेव्हा खरेदीदार १ टक्का टीडीएस, म्हणजे ७४ हजार कापून आईच्या पॅनवर भरतील. कापलेली रक्कम भरल्याचा दाखला त्यांच्याकडून मागून घ्या. दलालीची पावती जपून ठेवा, भांडवली नफ्याच्या हिशेबात ती रक्कम वजा होते. आणि त्या जोडप्याला सांगा, पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के आहे, पण घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत मिळते. त्यांचे ७४ हजार सरळ मार्गाने वाचतील. सोसायटीचं हस्तांतर शुल्क २५ हजारांपेक्षा जास्त मागितलं तर देऊ नका, ते कोण भरणार हेही साठेखतात लिहा.

धागाकर्ती

त्या मुलीला लगेच कळवलं. तिला सवलतीचं कोणीच सांगितलं नव्हतं, आता घर तिच्याच नावावर घेणार आहेत. साठेखताचा मसुदा वकिलांकडे दिलाय, पूर्ण ७४ लाखांचा. नोंदणीला मी स्वतः येणार आहे.