मदत हवी आहे: इथल्या पब्लिक रेडिओसाठी मंडळाने नेमकं काय करावं?

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या छोट्या गावात राहणाऱ्यांना विचारतोय. जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने पब्लिक ब्रॉडकास्टिंगचे (म्हणजे जाहिराती न घेणाऱ्या, ना-नफा रेडिओ-टीव्हीचे) दोन वर्षांचे सुमारे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले, तेव्हापासून आमचं स्टेशन श्रोत्यांच्या वर्गणीवरच तगून आहे. मोठ्या शहरातल्या स्टेशनांचं निभावेल, खरी ओढाताण आमच्यासारख्यांची. आता फॉलचे नवे कार्यक्रम आणि सोबत प्लेज ड्राइव्ह, म्हणजे दर थोड्या वेळाने "फोन करा, सभासद व्हा". (कंटाळा येतो, पण बर्फाच्या दिवशी शाळा बंद असल्याची बातमी हेच देतात!)

आमच्या मराठी मंडळाला स्टेशनला हातभार लावायचाय. एक किराणा दुकानदार दिवाळीच्या आठवड्यासाठी प्रायोजक व्हायला तयार आहे. पण पब्लिक रेडिओवर प्रायोजकाच्या दुकानाचं नाव-पत्ता चालतो. भाव, सवलत, "जरूर या" असलं काही चालत नाही. तो म्हणतो, मग मला काय फायदा? त्याला कसं पटवावं? की सरळ वर्गणी काढून कंपन्यांकडून मॅचिंग (कर्मचाऱ्याने दिलं त्यावर कंपनीची भर) मिळवावं? कुणी फोन घ्यायला स्वयंसेवक म्हणून बसलंय का? आणि तासभर मराठी गाणी लावू द्या म्हणून कुणाकडे शब्द टाकायचा?