फिफा दरवर्षी येतं, मग 'क्रिकेट ०७'च्या पुढचं का आलं नाही?

थर्डमॅन (सातारा)

मे महिन्यात घरी गेलो होतो तेव्हा माळ्यावरचा जुना डेस्कटॉप खाली काढला. भाचा पाचवीत आहे, त्याला दाखवायचा होता. चालू होईल असं वाटलं नव्हतं, पण झाला. स्क्रीनवर 'ईए क्रिकेट ०७'चा आयकॉन तसाच होता. मॅच लावली, समालोचक रिची बेनॉंचा आवाज आला आणि मी थोडा वेळ काही बोललोच नाही.

भाच्याने दहा मिनिटांत तीन विकेट घालवल्या आणि मग विचारलं, "मामा, ह्याच्यानंतरचा कुठला?"

नंतरचा नाहीच. नोव्हेंबर २००६ मध्ये हा आला आणि ईएने क्रिकेट तिथेच सोडून दिलं. त्याच गेम कंपनीचा फुटबॉलचा पहिला गेम 'फिफा' १९९३चा, तेव्हापासून दरवर्षी नवा येतोय. फुटबॉलची जागतिक संघटना फिफा, तिच्याशी करार संपला, २०२३ मध्ये नाव बदलून 'ईए स्पोर्ट्स एफसी' करावं लागलं, तरी खंड नाही. भाच्याला हे सगळं पाठ आहे. क्रिकेटचं मात्र मला त्याला काही सांगता आलं नाही.

क्रिकेट बघणारे कमी आहेत असं तर कुणी म्हणणार नाही. मग एक गेम एवढा वाढतो आणि दुसरा एका पिढीच्या कॉम्प्युटरवरच राहतो, असं का होतं? गेमच वाईट होता हे उत्तर मला पटणार नाही, आधीच सांगतो. त्याच्यावर माझी अकरावी-बारावी गेली आहे.

गुगली

पायरसी. विषय संपला. आमच्या वर्गात जवळजवळ प्रत्येक पोराकडे हा गेम होता, ओरिजिनल सीडी एकाकडेही नाही. कंपनीच्या वहीत भारतातली विक्री किती दिसली असेल?

कॅफेवाले (कोल्हापूर)

विषय संपला म्हणू नका गुगलीभाऊ. पायरसी फिफाचीही तेवढीच व्हायची. माझ्यासमोर व्हायची म्हणून सांगतो.

२००३ ते २०११ माझा कोल्हापुरात सायबर कॅफे होता. आठ मशिन, तासाला पंधरा रुपये. आमच्या गावचं वेगळेपण असं की इथं फुटबॉल पेठापेठांत मुरलेला आहे. पाटाकडील आणि शिवाजी ह्या आमच्या तालीम-मंडळांच्या संघांची मॅच असली की शाहू स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा नसते, वर्ल्ड कपला गल्लीगल्लीत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात. त्यामुळं माझ्याकडं फुटबॉलची पोरं वेगळी यायची आणि क्रिकेटची वेगळी. दोन्ही गिऱ्हाइकं मी आठ वर्षं शेजारी शेजारी बसलेली बघितली.

फुटबॉलची पोरं दर ऑक्टोबरात दारातूनच ओरडायची, "काका, नवा आला का?" मला आधी कळायचं नाही की एवढी घाई कशाला, मैदान तेच, गोल तोच. मग २००९ चा उन्हाळा आला. रोनाल्डो मँचेस्टर युनायटेड सोडून रिअल माद्रिदला गेला. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी एक पोरगं पाच नंबरच्या मशिनवर बसलं, फिफा ०९ लावला, रोनाल्डो अजून लाल जर्सीतच. त्यानं मॅच अर्धी सोडली. म्हणालं, "काका, हे शिळं झालं की."

तो 'शिळं' शब्द माझ्या डोक्यात बसला. गेम चालत होता, बिघडलं काहीच नव्हतं. पण जगात बदली झाली आणि गेम मागं पडला. दर उन्हाळ्यात बदल्या होतात, दर उन्हाळ्यात गेम शिळा होतो, आणि ऑक्टोबरात ताजा मिळतो. पैसे देणाऱ्या देशांत माणूस ह्या ताजेपणासाठी दरवर्षी खिशात हात घालतो.

आता क्रिकेट ०७ बघा. ऍशेस अगदी थाटात, इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचं सगळं खरंखुरं. आपल्या संघाचं लायसन्सच, म्हणजे खरी नावं वापरायची परवानगीच, नव्हती. खेळायचा स्टाइल बघून ओळखायचं हा कोण ते, नाव भलतंच. आपल्यासाठी तो पहिल्या दिवसापासून अर्धा कच्चा होता.

तो शिजवला पोरांनी. पॉलिटेक्निकचा एक मुलगा होता, कायम तीन नंबरच्या मशिनवर. क्रिकेट गेमवाल्यांच्या परदेशी साइटवरून रोस्टरची, म्हणजे खेळाडूंच्या नावांची, फाइल उतरवायचा, 'माय डॉक्युमेंट्स'मधल्या गेमच्या फोल्डरात टाकायचा, की झाला सचिन सचिन आणि द्रविड द्रविड. मग जर्सी बदलायला शिकला, मग बॅटवरचे स्टिकर, मग चेहरे. २००८ ला आयपीएल सुरू झालं. गेम त्याच्या दीड वर्ष आधीचा, त्यात आयपीएल असायचं काही कारणच नाही. तरी कुणीतरी कुठंतरी बसून आयपीएलचा पॅच, म्हणजे गेमवर चढवायची बदलाची फाइल, बनवलाच. माझं कनेक्शन २५६ केबीपीएसचं. त्या पोरानं संध्याकाळी डाउनलोड लावलं, मी शटर ओढलं आणि मशिन रात्रभर चालू ठेवलं. सकाळी सात वाजता तो माझ्या आधी पायरीवर येऊन बसलेला. उघडल्या उघडल्या इन्स्टॉल केलं. धोनी पिवळ्या जर्सीत टॉसला उभा राहिला तेव्हा त्या मुलानं माझ्याकडं बघितलं, ते तोंड मला अजून आठवतं. त्या दिवशी आठही मशिनवर एकच गेम होता. शाळेची पोरं दोघं-दोघं एका कीबोर्डवर, पाच-पाच ओव्हरच्या मॅच, म्हणजे अर्ध्या तासात निकाल आणि पुढच्या जोडीला खुर्ची.

तर माझं म्हणणं असं. फिफात नावं आणि जर्सी ताजी ठेवायचं काम कंपनी करते आणि त्याचे पैसे घेते. क्रिकेटमध्ये तेच काम पोरांनी फुकट केलं, वर्षानुवर्षं, रात्री जागून. ओढ दोन्हीकडं सारखीच होती, क्रिकेटकडं थोडी जास्तच म्हणा. फक्त क्रिकेटच्या ओढीला गल्ला नव्हता. जिथं गल्ला नाही तिथं कंपनी पुढचा भाग कशाला काढेल? त्यात ईएचं क्रिकेट आधीपासूनच खाडे करत आलेलं: २०००, २००२, २००४, २००५ आणि मग ०७. दर ऑक्टोबरला दारातून हाक मारायची सवय लागायला गेम दर ऑक्टोबरला यायला लागतो.

लेगग्लान्स (पुणे)

काका, तीन नंबरच्या मशिनवरच्या मुलाबद्दल वाचून फार बरं वाटलं. मी मोबाइल गेमचं प्रोग्रॅमिंग करते. ह्या धंद्यात मी आले त्याचं कारण हेच पॅच.

तुमच्या 'शिळं'ला थोडी जोड देते. १९९३च्या पहिल्या फिफामध्येही खेळाडू बनावट नावांचे होते. खेळाडूंच्या संघटनेशी करार होऊन खरी नावं आली ती फिफा ९६ पासून. पुढे कोनामीचा 'प्रो इव्होल्यूशन सॉकर' आला. हातात घेऊन खेळायला तोच सरस असं मानणारे खूप होते, मीही त्यातलीच. पण त्यात लिव्हरपूलचं नाव 'मर्सीसाइड रेड'. हौशी माणूस ते चालवून घेतो, बाकीचा समोरच्या शेल्फवरचं खरं नाव उचलतो. तो गेम २०२१ मध्ये 'ईफुटबॉल' नावाने फुकट आणला गेला आणि पहिल्याच दिवसांत लोकांनी त्याला फाडून खाल्लं. उलट ईएने फिफाची पाटी काढली तरी क्लब, लीग आणि खेळाडूंचे करार तिच्याकडेच राहिले. लोकांना पाटी नको होती, त्यांना एम्बापेसारखा खराखुरा स्टार खेळाडू हवा होता.

पण सगळं लायसन्सवर ढकलू नये. क्रिकेटचा गेम बनवणं मुळातच अवघड आहे आणि हे बाहेरून दिसत नाही.

फुटबॉलमध्ये बॉल सतत फिरत असतो. कॉम्प्युटरच्या खेळाडूने एखादा पास वेडावाकडा दिला तर पुढच्या दोन सेकंदांत तो विसरला जातो. क्रिकेटमध्ये प्रत्येक बॉल वेगळा उभा राहतो. सगळ्यांची नजर बॅट्समनवर, आणि आपण प्रत्येकाने हजारो तास टीव्हीवर हेच दृश्य पाहिलेलं. पाय जरा चुकीचा पडला तरी डोळ्याला खटकतं. मी आणि माझ्या मित्राने हौसेखातर एक छोटा नमुना केला होता. एकच शॉट, कव्हर ड्राइव्ह. पुढचा पाय बॉलच्या टप्प्यापर्यंत न घसरता पोचावा, एवढ्यासाठी आमचे दोन महिन्यांचे शनिवार-रविवार गेले. टप्पा सहा इंच पुढे पडला की पाय बर्फावरून सरकल्यासारखा दिसायचा.

त्याहून अवघड म्हणजे वेळ. ताशी १४० किलोमीटरचा बॉल बॅट्समनपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत-बाहेर पोचतो. तेवढ्यात घरी बसलेल्या माणसाने टप्पा ओळखायचा, पाय ठरवायचा, दिशा ठरवायची. नवखा माणूस पहिल्याच ओव्हरमध्ये बोल्ड. म्हणून गेमवाले टप्प्याची खूण आधीच दाखवतात. ती दाखवली की आठवड्याभरात पोरं एक असा शॉट शोधून काढतात जो प्रत्येक बॉलला सिक्स जातो. थर्डमॅन, तुम्हालाही तो माहीत असणार. तो सापडला की तुम्ही ओव्हरला ३६ काढता आणि महिन्याभरात कंटाळता. फार सोपं आणि फार अवघड यांच्यामधली जागा क्रिकेटमध्ये अगदी अरुंद आहे. शिवाय फिल्डिंग जवळजवळ कॉम्प्युटरच करतो, म्हणजे अर्धा वेळ खेळणारा नुसता बघतो.

हे सगळं सुधारायला सलग वर्षं लागतात, तीच टीम लागते. फिफाला ती मिळाली. क्रिकेटच्या बाजूला कंपन्या येत गेल्या, जात गेल्या. कोडमास्टर्स कंपनीचा 'ब्रायन लारा' नावाचा गेम होता, तोही थांबला. २०१३च्या ऍशेसचा गेम तर स्टीम ह्या ऑनलाइन गेमच्या दुकानात आल्यावर काही दिवसांतच मागे घ्यावा लागला.

तरी उजेड नाही असं नाही. मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओने २०१४ मध्ये 'डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४' काढला. कंट्रोलरच्या एका स्टिकने पाय, दुसऱ्या स्टिकने बॅट. सगळ्या संघांची लायसन्स त्यांच्याकडेही नव्हती, म्हणून त्यांनी खेळाडू बनवायची सोयच गेममध्ये दिली आणि लोकांनी बनवलेले संघ इतरांना उतरवून घेता येऊ लागले. काकांच्या कॅफेत जे काम शटर ओढून चालायचं, ते तिथे मेन्यूत आलं. ते पाहून मला मनापासून आनंद झाला होता. ती मालिका पुढे 'क्रिकेट १९', 'क्रिकेट २२' अशी चालू आहे.

आणि आपल्याकडे चेन्नईच्या नेक्स्टवेव्हची 'वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप' आहे, तिसरा भाग २०२०चा. फोनवर फुकट, मध्ये जाहिराती. काकांचा गल्ल्याचा प्रश्न भारतात तिथे सुटला. भाच्याला "ह्याच्यानंतरचा कुठला" याचं उत्तर द्यायचं तर मी हेच देईन.

थर्डमॅन

तुम्ही दोघांनी एवढं मनापासून लिहिलंत, आभारी आहे. तो एकच शॉट हो, मला माहीत होता, आणि मी आणि माझा चुलतभाऊ आमच्यात शपथ घातली होती की तो मारायचा नाही. आज कळतंय की आम्ही गेम टिकवायला स्वतःच नियम केला होता.

कंटाळा आल्याचं मात्र मला आठवत नाही. बारावीनंतर चुलतभाऊ पुण्याला गेला, मी इथेच राहिलो, तेव्हा थांबलं. शेजारी दुसरा माणूस असेपर्यंत आमचा गेम कधी शिळा झाला नाही.

फोनवरचा दाखवला भाच्याला. आवडला. पण काल रात्री परत डेस्कटॉपपाशी येऊन बसला आणि म्हणाला, यात धोनी का नाही? कॅफेवाले काका, तो आयपीएलचा पॅच आता कुठे मिळेल?

कॅफेवाले (कोल्हापूर)

माझ्याकडंच आहे. कॅफे बंद करताना मशिन विकली, सीडीचा डबा ठेवला. त्या सकाळी राइट केलेली सीडी आहे, वर निळ्या मार्करनं 'आयपीएल ०८ फायनल, डिलीट करू नये' असं त्या पोराच्याच हातचं लिहिलेलं. कडेला एक ओरखडा आहे. रविवारी थोरल्याचा सीडी ड्राइव्ह लावून बघतो. रीड झाली तर पेनड्राइव्हवर घेतो. तुमच्या डेस्कटॉपचा यूएसबी चालतो का, तेवढं कळवा.