पट, रेडिओ आणि मजुरीचे दिवस: तुमचे अनुभव लिहा

धानबांधी: काल वडशाच्या चौकातून नाटकाची जीप भोंगा वाजवत गेली अन् माय आठवली. धान घरात आलं की आमच्याकडं शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, अन् पटाच्या रात्री नाटक. माय दुसऱ्याच्या बांधीत कापणीला जायची, मजुरी धानातच मिळायची. त्यातलं पायलीभर विकून तिकिटाचे पैसे बाजूला ठेवायची. रात्रभर तणसावर बसून नाटक बघायची अन् सकाळी पुन्हा विळा हातात. कोणी खर्चावरून बोललं तर म्हणायची, "वर्षभर मालकाचं आयकतो, एक रात आपल्या मनाची." २०२३ मध्ये आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, नाटकातले कलावंत परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली, तेव्हा ती असायला पाहिजे होती. झाडीपट्टीचा मान म्हणजे तिच्यासारख्या प्रेक्षकांचाही मान, असं मला वाटतं.

तुमच्याकडं काय होतं? सिनेमा, रेडिओ, गाणी, काहीही चालेल.

पऱ्हाटीवाला: आम्ही यवतमाळकडचे, नाटक नाही. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला! निवेदक अमीन सयानी सुरू झाले की सालदार, म्हणजे सालाचा गडी, अन् मालक एकाच ओट्यावर. बाकी दिवशी सालदार ओट्याखाली बसे. लहानपणी याचं काही वाटलं नाही, आता लय वाटते.

वर्धेची लेक: गणपतीत वर्गणी काढून व्हीसीआर आणायचे, एका रात्री तीन पिक्चर. आई दुसऱ्या दिवशी निंदणाला जाताना बायांना पूर्ण ष्टोरी सांगे. ज्यांना यायला मिळालं नाही, त्यांचा पिक्चर वावरातच होई.

गिरणीवाला: मिथुन कट!! न्हावीभाऊंकडं रांग लागे 😀

पऱ्हाटीवाला: वर्धेकडं कापूस काय भाव चालू आहे ताई?

वर्धेची लेक: भावाला विचारून सांगते. भाजी करपते आहे, आली.

विटाभट्टी: माझा बाप अंगठाबहाद्दर. लोककवी वामनदादा कर्डकांची भीमगीतं मात्र तोंडपाठ. विटा थापता थापता म्हणे, अन् भट्टीवरचे सारे मागून धरत. बाबासाहेब, शिक्षण, संघटना, हे मी शाळेत जायच्या आधी त्या गाण्यांतून ऐकलं. माझं नाव शाळेत घातलं ते त्याच गाण्यांमुळं, हे बाप स्वतः सांगतो.

धानबांधी: दादा, बाबांचा आवाज मोबाइलवर घेतला का? घेतला नसेल तर या १४ एप्रिलची वाट नका पाहू.

विटाभट्टी: पोरीनं घेतला आहे. टाकतो, वावरात रेंज नाही.