नवी बॅटलस्टार गॅलॅक्टिका: चार रविवारांत काय दाखवावं, काय गाळावं?

पाचपाखाडीकर: ठाण्यातल्या आमच्या विज्ञानकथा वाचक गटाला चार रविवार हॉल मिळालाय, दर वेळी तीन तास. १९७८ची मूळ मालिका काहींनी पाहिलीय. २००३ साली रोनाल्ड मूर आणि डेव्हिड आइक यांनी ती नव्याने उभी केली, ती बहुतेकांना माहीत नाही. सगळे सीझन तर दाखवता येणार नाहीत. हिचं बळ कशात आहे, कुठे ढेपाळते आणि कोणते भाग निवडावेत? शेवट कृपया फोडू नका.

नेरूळकर: सुरुवात मिनिसिरीजनेच करा. ती बऱ्याचदा पहिल्या सीझनपासून वेगळी ठेवलेली असते, त्यामुळे लोक थेट ‘३३’ हा सीझनचा पहिला भाग लावतात आणि गोंधळतात.

हिचं बळ म्हणजे टंचाई आणि स्वतः घातलेले नियम पाळणं. गॅलॅक्टिका वाचते कशी ते बघा. जहाज निवृत्त होऊन संग्रहालय व्हायच्या बेतात आहे आणि कमांडर अडामाने त्यावरचे संगणक एकमेकांना जोडू दिलेले नाहीत. नव्या मार्क ७ वायपर या लढाऊ विमानांमध्ये सायलॉन, म्हणजे माणसांवर उलटलेले यंत्रमानव, दिशादर्शनाच्या प्रोग्रॅममधून घुसतात आणि ती विमानं ऐन लढाईत बंद पडतात. प्रदर्शनासाठी ठेवलेली जुनी मार्क २ मात्र उडतात. वायरचे फोन, कागदी प्रिंटआउट, सगळं या एका तर्कातून आलंय.

‘३३’मध्ये सायलॉन दर ३३ मिनिटांनी येतात आणि वाचलेल्या माणसांच्या जहाजांच्या ताफ्याला अंतराळात दूरवर एका क्षणात उडी मारून निसटावं लागतं. २३७ उड्या, म्हणजे १३० तासांहून जास्त जागरण. लोक चुका करतात त्या दुष्टपणाने नव्हे, झोपेअभावी. राष्ट्राध्यक्ष रॉसलिन जिवंत माणसांचा आकडा पांढऱ्या फळ्यावर लिहून ठेवते. भागाच्या शेवटी एक बाळ जन्मतं आणि ती स्वतः आकडा एकाने वाढवते. ४७,९७३. ह्यूगो पुरस्कार उगाच नाही मिळाला. पुढचाच भाग ‘वॉटर’: टाक्या फुटतात आणि पाण्याचं रेशनिंग सुरू होतं. पाणीकपात सोसलेल्या ठाणेकरांना त्यातली प्रत्येक बैठक ओळखीची वाटेल.

कळवा_स्लो: सगळं मान्य, पण दुबळी बाजूही गटासमोर यायला हवी. सुरुवातीच्या शीर्षकपट्ट्यांत लिहिलंय की सायलॉनांकडे योजना आहे. लेखकांकडे ती नव्हती! माणसासारख्या दिसणाऱ्या सायलॉनांच्या बारा मॉडेलांपैकी शेवटची पाच कोण, हे तिसरा सीझन लिहिताना ठरलं. म्हणून आधीच्या भागांतल्या खुणा मागाहून जुळवलेल्या वाटतात आणि चौथ्या सीझनच्या ‘नो एग्झिट’मध्ये अख्खा इतिहास एका पात्राच्या तोंडून भराभर सांगून टाकावा लागतो. त्यात २००७-०८चा लेखकांचा संप आला आणि शेवटचा सीझन मधोमध तुटला.

दुसरं, सुटे भाग. ‘ब्लॅक मार्केट’ आणि ‘द वूमन किंग’ निःसंकोच गाळा. ‘ब्लॅक मार्केट’मध्ये कमांडरचा मुलगा ली अडामाच्या गळ्यात अचानक एक जुनं प्रेमप्रकरण आणि एक नवं नातं बांधलंय, पुढे त्याचं काहीच होत नाही. मूर यांनीही त्या भागाबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती.

नेरूळकर: जागेवर ठरवत लिहिलं म्हणूनच पात्रं जिवंत झाली, असं माझं ठाम मत आहे. आणि शेवटाच्या धार्मिक वळणावर लोक चिडतात, पण सिक्स ही माणसासारखी दिसणारी सायलॉन मिनिसिरीजपासूनच देवाबद्दल बोलते.

कळवा_स्लो: देवाबद्दल तक्रार नाहीच. शेवटच्या भागात ताफा एक प्रचंड मोठा निर्णय घेतो आणि कुणी ब्रसुद्धा काढत नाही. हीच माणसं आधी कितीतरी लहान गोष्टींवरून बंड करून उठलीत. मालिका आपलाच नियम मोडते ती तिथे.

सीवूड्स_संध्या: मग रहस्याच्या वाटेला जाऊच नका, टंचाई आणि सत्ता हा धागा धरा.
पहिला रविवार: मिनिसिरीज, जवळजवळ तीन तास. चर्चा व्हॉट्सॲपवर.
दुसरा: ‘३३’, ‘वॉटर’ आणि सीझन १चे शेवटचे दोन भाग. भाग साधारण ४३ मिनिटांचे.
तिसरा: ‘पेगॅसस’ (त्याच नावाच्या दुसऱ्या युद्धनौकेची गोष्ट) आणि ‘रेझरेक्शन शिप’चे दोन्ही भाग. चर्चेला पाऊण तास उरतो, तो लागेलच.
चौथा: सीझन ३चे पहिले चार भाग, परकी सत्ता आणि तिच्याविरुद्धचा लढा. पण त्याआधी सीझन २च्या शेवटच्या भागाचा अखेरचा तुकडा लावा. तिथे कथा एक वर्ष पुढे उडी मारते. तो चुकला तर सगळे सीझन ३मध्ये दिसणाऱ्या ग्रहावर आले कसे, हेच कळणार नाही. त्या दिवशी हॉल अर्धा तास जास्त मागून घ्या.

लहान मुलं नकोत. मिनिसिरीजमध्ये बाजारात एका बाळाला मारल्याचं दृश्य आहे आणि ‘पेगॅसस’मध्ये कैदी बाईवरच्या लैंगिक अत्याचाराचा प्रसंग. आधीच सांगून ठेवा.

चित्रात रवाळपणा दिसेल, तो मुद्दाम ठेवलाय. प्रोजेक्टरवर नॉइज रिडक्शन बंद करा, नाहीतर चेहरे मेणाचे दिसतात. पडदे ओढा, निम्मी दृश्यं अंधारात आहेत. संवाद पुटपुटल्यासारखे आणि संगीतकार बेअर मॅक्रिअरीचे जपानी तैको ढोल दणदणीत, तेव्हा सबटायटल हवीतच. शीर्षकसंगीत पुढे ढकलू नका, त्यात गायत्री मंत्र आहे.

पाचपाखाडीकर: फारच उपयोगी, मनापासून आभार. ‘रेझर’ हा चित्रपट तिसऱ्या रविवारी बसवू का? पेगॅससचीच कथा आहे ना?

सीवूड्स_संध्या: नको. कथा त्या काळातली असली तरी तो २००७चा आहे, सीझन ३नंतर आलेला. त्यात स्टारबक या वैमानिकेबद्दल एक भविष्यवाणी आहे, ती आधी कळली तर पुढचं पाहणाऱ्यांचा विरस होईल. ज्यांना घरी पुढे बघायचंय त्यांनी सीझन ३ संपवून लावावा, आणि ‘द प्लॅन’ हा दुसरा चित्रपट अगदी शेवटी.